झाकण लाव, इला

२४ एप्रिल, गुरुवार

जयूला शाळेनं घरी बसवलं. निकालाच्या दिवशीच! मुलांना प्रगतिपुस्तकं वाटून झाली, आयांच्या तक्रारी ऐकून झाल्या, आणि मग संस्थेच्या माणसानं तिला बाजूला घेऊन सांगितलं की पुढच्या वर्षी बालवर्गच नाही. मुलंच येत नाहीत. मोठ्या शाळांच्या पिवळ्या गाड्या आता पिपरीत दारापर्यंत येतात.

विनाअनुदानित शाळा. पेन्शन नाही, फंड नाही. निरोपाची शाल आणि नारळ. शाल तिनं माझ्याकडे आणून ठेवली — माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्या असतात म्हणून. नारळ आम्ही दोघींनी फोडून गुळाबरोबर खाल्ला.

अठ्ठावन्न वर्षांची बाई. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना खडू कसा धरायचा ते शिकवलं.

ती रडली नाही. मी रडले.

४ मे

ऊन असं की गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटके देतं. जयू दुपारी आली, कूलरसमोर बसली, माझी भरतकामाची उशी उसवून पुन्हा शिवून दिली. रिकामं बसवतच नाही तिला.

माझी मागची खोली मोकळी आहे, राहायला ये, म्हटलं. मुलगा निशांत पुण्याहून वर्षातून दोनदा येतो, मी एकटीच भुतासारखी फिरते या घरात.

म्हणाली, "मैत्रीण राहू दे मला, इला. आश्रित नको करू."



तिचा घरमालक दिवाळीपर्यंत वाट बघणार आहे. तोवर भाडं नीट सुरू झालं तर ठीक, नाहीतर खोली सोडायची. म्हणजे आष्टीला, भावाकडे. रूपरावभाऊ चांगला माणूस. वहिनीही वाईट नाही. पण जयू म्हणते, तिथं मला पाण्याचा पेलाही विचारून घ्यावा लागतो.

१२ मे

आज कचेरीत गेलो दोघी. मीच आग्रह केला. सरकारनं इतक्या योजना काढल्या, एखादी तरी जयूसाठी असेलच!

नाही. नोकरी गेलेल्यांसाठी काही आहे का, विचारलं. आहे, पण त्याला वय कमी लागतं. मग म्हाताऱ्यांसाठी? त्याला वय जास्त लागतं. कामाला म्हातारी आणि म्हातारपणाला तरुण — जयू तिथंच हसायला लागली. खिडकीतला बाबू पण हसला. वाईट नव्हता. पंखा आमच्याकडे वळवला त्यानं.

शेवटी तोच म्हणाला, निराधारचं अनुदान बघा. त्यात विधवा बसतात, नवऱ्यानं टाकलेल्या बसतात. जयू टाकलेल्यांत. हरिदास हिंगणघाटला दुसऱ्या बाईबरोबर संसार करतो, हे साऱ्या जगाला माहीत आहे. पण जगाला माहीत असून चालत नाही. कोर्टाचा कागद हवा, नाहीतर नवऱ्यानं लिहून दिलेलं हवं. तिच्याकडे यातलं काहीच नाही. तो एका सकाळी कापसाच्या जिनिंगवर कामाला म्हणून गेला आणि आला नाही. त्याचा काय कागद होतो?

बाबूनं चष्मा पुसत सांगितलं, "नवरा वारला असता तर सोपं होतं, मॅडम. मृत्यूचा दाखला जोडला की झालं."

जयूनं पदर सावरला. मंगळसूत्र आत गेलं.

अर्ज तरी करा म्हणाला. आधी घरी येऊन चौकशी होईल, ती चांगली झाली तर कागदाचं पुढे पाहू.

१३ मे

मला दर महिन्याला ह्यांची पेन्शन येते. मी काय केलं त्यासाठी? नवरा सरकारी नोकरीत होता आणि गेला. इतकंच. मी तर उभ्या जन्मात कुठं नोकरीही केली नाही.

२९ मे

चौकशीला सोमवारी येणार! तलाठी स्वतः. जयूला फोन आला तशी ती इतकी घाबरली, की चपला उलट्या घालून माझ्याकडे आली. मग आम्ही दोघी एकदमच म्हणालो — इन्स्पेक्शन!

किती हसलो. नागपूरच्या होस्टेलमधला शनिवार. सिस्टर बेनेडिक्टा पांढऱ्या झग्यात, हातात लाकडी पट्टी. चादरीचे कोपरे पाकिटासारखे दुमडलेले हवेत. नखं, रिबिनी, बूट. खाटेखाली ट्रंक, ट्रंकेवर खाऊचा डबा, डब्यावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं लेबल. "देव आधी कोपरे बघतो, मुलींनो!" तिचं ते तोडकंमोडकं मराठी.

माझी खाट खिडकीशी, जयूची माझ्या शेजारी. तिच्या वडिलांना काय हौस! आष्टीचा शेतकरी माणूस, पोरगी फाडफाड इंग्रजी बोलली पाहिजे म्हणून इतक्या लांब ठेवलेली. फीबरोबर सिस्टरांसाठी संत्र्यांचं पोतं यायचं. अख्ख्या डॉर्मिटरीला वास.

जयूचा डबा सगळ्यांत चकचकीत. लेबलावरचं अक्षर असं, की सिस्टर दुसऱ्या मुलींना बोलावून दाखवायची. पण डबा ती कुणासमोर उघडायची नाही. कंजूस जयू, कंजूस जयू — किती चिडवायचो! ती डबा पोटाशी धरून नुसती हसायची.

१ जून, रविवार

आज दिवसभर जयूची खोली लावली. माझ्याकडचे फुलाफुलांचे पडदे लावले. कॉटवर पांढरी चादर, कोपरे अगदी सिस्टरसारखे! टेबलावर मी विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी. माझे निळ्या काठाचे कप नेले. ती म्हणाली चहा-साखर तुझ्याकडचीच आण, माझी संपत आली आहे. दूध, पोहे, सगळं इथूनच नेणार आहे.

तिनं फळीवरचे डबे चिंच लावून घासले. ओळीनं — साखर, चहा, तूरडाळ, रवा, तांदूळ, शेंगदाणे. लेबलं नवी लिहिली. तेच अक्षर. मी बघतच राहिले.

सरकारी माणूस घरी येणार म्हणजे घर कसं दिसायला हवं! बाई नेटकी आहे, इभ्रतीनं राहते, हिला मदत केली तर वाया जाणार नाही — असं वाटायला नको त्याला?

२ जून

छान झालं! रत्नदीप नावाचे तलाठी आहेत. चाळिशीचे असतील. चपला बाहेर काढून आत आले, हेच मला आवडलं. दोनदा पोहे घेतले. भिंतीवरची मुलांची चित्रं पाहिली, तुमच्या हाताखाली शिकलेली का म्हणाले. फळीकडे पाहून तर म्हणाले, माझ्या बायकोले दाखवायला पाहिजे, घर असं ठेवावं माणसानं.

जयूचे कान लाल झाले. पहिलं बक्षीस मिळाल्यावर व्हायचे तसे.

ते गेल्यावर आम्ही उरलेला चहा त्या निळ्या कपांतूनच प्यायलो. काम होणार.

१६ जुलै

नामंजूर.

"राहणीमान चांगले. अर्जदार निराधार दिसून येत नाही."

१७ जुलै

जयूनं कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, अक्षर बरं आहे साहेबांचं.

२१ जुलै

मी एकटीच गेले रत्नदीपना भेटायला. भांडायच्याच तयारीनं गेले होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवलं. मी काय काय बोलले, आता लिहायलाही लाज वाटते. ते ऐकून घेत होते.

मग त्यांनी सांगितलं, गेल्या वर्षी ते एका बाईकडे चौकशीला गेले होते. फाटकं लुगडं, मोडकी बाज, चूल विझलेली. त्यांनी डोळ्यांत पाणी आणून शिफारस लिहिली. मागून कळलं की ती बाज शेजारणीची, आणि बाईच्या मुलाचा ट्रॅक्टर मागच्या वाडीत उभा. नोटीस रत्नदीपना आली. "तवापासून जे दिसते तेच लिहितो, काकू. मले मनातलं लिहायची परवानगी नाई."

म्हटलं, अहो ते पडदे माझे. कप माझे. पोहेसुद्धा माझेच.

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मग अगदी हळू बोलले, "मंग तुम्ही आधार हाय ना त्यायले. निराधार काऊन लिहू मी?"



रिक्षात बसल्यावर सुचलं, की म्हणजे जिला एकही मैत्रीण नाही तीच पात्र. पण मग वाटलं, त्यांचं तरी काय चुकलं. त्या ट्रॅक्टरवाल्या बाईनं जयूच्या वाटचं खाल्लं, आणि मी जयूची गरिबी इस्त्री करून ठेवली. रत्नदीपना दिसणार काय?

निघताना म्हणाले, फेरचौकशीचा अर्ज द्या, मी पुन्हा येतो.

९ ऑगस्ट

लिहवत नाही. पण लिहिते.

आज कप आणायला गेले. जयू नळावर पाणी भरायला गेली होती, दार नुसतं लोटलेलं. म्हटलं ती येईपर्यंत चहा टाकावा. साखरेचा डबा काढला. हलका लागला. उघडला — रिकामा. संपली असेल. चहाचा — रिकामा. मग मी थांबायला हवं होतं. तूरडाळ. रवा. शेंगदाणे. आतूनही घासलेले, लख्ख, माझा चेहरा दिसत होता तळाशी. तांदळाच्या डब्यात वाटीभर कणी.

सहा डबे ओट्यावर उघडे, आणि जयू बादली घेऊन दारात.

तिनं बादली खाली ठेवली. पदराला हात पुसले.

"झाकण लाव, इला," ती म्हणाली. "मुंग्या येतात."

मी झाकणं लावली. एकेक. ती पुसून फळीवर ठेवत गेली, लेबल समोर करून.

घरी आल्यावर होस्टेल आठवलं. पोटाशी धरलेला डबा. देवा, तेव्हापासून?

१० ऑगस्ट

पिशवी भरून किराणा पाठवला. परत आला. वर चिठ्ठी — "चहाला येते चारला."

आली. एकच बिस्किट घेतलं.

१ सप्टेंबर, सोमवार

शेजारच्या मोनालीकडे महालक्ष्म्यांचं जेवण. तिला एक सवाष्ण कमी पडत होती, जयूला बोलावलं. हरिदास जिवंत आहे ना! कचेरीत तो जिवंत असल्यानं नडतं, इथं त्याच्या जिवावर पाट-रांगोळी.

मला विधवेला काही बोलावणं नव्हतं, पण वाढायला मदत लागली म्हणून गेले. जयू हिरव्या साडीत. कपाळभर कुंकू. पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. मी पाहत होते तिच्याकडे आणि बघवत नव्हतं. किती सावकाश जेवली! घास घेऊन थांबायची, जशी काही भूकच नाही. आम्हाला होस्टेलात शिकवलेलं — अधाशासारखं जेवू नये, ताटात बघत जेवू नये. पोळी वाढायला वाकले तेव्हा तिनं नेहमीसारखा हात आडवा धरला नाही. दुसऱ्यांदा वाकले, तेव्हाही नाही.

मोनाली कौतुकानं म्हणाली, "जयवंताकाकू, तुम्ही आल्या तर लक्ष्मीच जेवल्यासारखं वाटलं."

६ सप्टेंबर

मीच हिंगणघाटला फोन लावला. हरिदासनं दोन ओळी लिहून दिल्या तर जयूचा कागद होईल. किती वर्षांनी तो नंबर शोधला!

फोनवर ती बाई. आवाज थकलेला. मी चिडून बोलणार होते, पण तिनं मला ताई म्हटलं. म्हणाली, त्यायले लकवा मारून सहा महिने झाले. हात उचलत नाही, बोलता येत नाही. मी भरवते. "तुमच्या मैत्रिणीले सांगजा, मी त्यायले नाई सोडलं."

माझा नंबर लिहून घेतला तिनं.

जयूला सांगितलं. तिनं फक्त विचारलं — कोणता हात?

१७ सप्टेंबर

उद्या फेरचौकशी. या वेळी मीच पडदे काढायला गेले. रुमाल, फुलदाणी, चादर, सगळं पिशवीत भरलं. जुनं पातळ नेस म्हटलं. नेसते म्हणाली. मग मी म्हटलं, जयू, ते गळ्यातलं काढून ठेव उद्याच्या दिवस. त्यांना दिसलं की संसार आहे असंच वाटतं.

तिनं पिशवीतला रुमाल काढून पुन्हा घडी घातली, मला वाटलं ऐकलंच नाही.

"तो सोडून गेलता. मी नाई." चिडली, किंवा फार लागलं, की ती आष्टीचं बोलते. "मले काढायला काऊन सांगून राह्यली?"

नाही सांगत, जयू.

१८ सप्टेंबर

रत्नदीप आले. या वेळी चहा नाही, पोहे नाहीत. जयू भिंतीला टेकून उभी.  पडद्यांशिवाय खोली इतकी लहान दिसत होती.

त्यांनी सगळीकडे पाहिलं. मग फळीकडे. डबे तसेच चकचकीत — ते काढून ठेवायचं मला सुचलं नाही, आणि तिनं काढले नसतेच.

"ताई, किराणा तर भरेल दिसते."

मी जयूकडे पाहिलं. वाटलं, सांगेल. आता तरी सांगेल.

जयू म्हणाली, "हो. भरलेले आहेत."

मी उठले. साखरेचा डबा काढला आणि त्यांच्यासमोर उघडून धरला. मग तूरडाळीचा. मग रव्याचा.  झाकण खाली पडलं, घरंगळत कॉटखाली गेलं. रत्नदीप आत बघत राहिले. नंतर त्यांनी खिशातून पेन काढलं, आणि वाकून, खाली बघत खूप वेळ लिहिलं.

दाराबाहेर चपला घालताना मला म्हणाले, मी या खेपेला पक्कं लिहिलं, काकू. पण वर नवऱ्याचा कागद मागतीलच. तो नाही आला तर फाइल तिथंच पडून राहील. माझ्या हातात नाही.

आत आले तर जयू गुडघ्यावर बसून कॉटखालचं झाकण शोधत होती. मी वाकले, तर हातानं बाजूला केलं मला.

"जा तू," म्हणाली.

१९ सप्टेंबर

चारला आली नाही.

२३ सप्टेंबर

आली नाही. मी दोन कप ठेवते आणि एक आत नेते.

सिस्टर बेनेडिक्टासुद्धा कधी डबा उघडायला सांगत नसे. बाहेरूनच बघायची. आज पहिल्यांदा कळलं का ते. तिला ठाऊक असणार.

२८ सप्टेंबर

मोनाली सांगत होती, जयवंताकाकूंनी ट्रंक उन्हात टाकली आहे, रूपरावमामांना फोनही झाला. दसरा झाला की आष्टीला. मला काहीच सांगितलं नाही तिनं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तिची बातमी मला दुसऱ्याकडून कळते आहे.

मी तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. दिवा होता खोलीत. परत आले.

३० सप्टेंबर

सकाळी हिंगणघाटहून फोन. त्या बाईचा. हरिदास गेले, पहाटे. रडत होती, मी हो-हो म्हणत होते, आणि मनात पहिलं काय आलं ते इथं लिहून ठेवते, दुसरीकडे कुठे लिहिणार — आता दाखला मिळेल. जयूला आष्टीला जावं लागणार नाही!

धावतच गेले तिच्याकडे. दारातूनच सांगितलं. ती भरलेल्या ट्रंकेवर बसून होती. हात मंगळसूत्राकडे गेला, तिथंच राहिला. मग तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. डोळे कोरडे.

मी ओळखते तिचा चेहरा. तिच्याही मनात पहिलं तेच आलं होतं.

मग आम्ही रडलो.